प्रपा ते पाणपोई

वाटसरूला फुकट पाणी मिळण्याच्या जागेला मराठीत पाणपोई म्हणतात. यातील ‘पोई’चे मूळ संस्कृत ‘प्रपा’, प्राकृत ‘पवा’ या शब्दांत शोधले जाते. प्रपा म्हणजेच पाणी पाजण्याची जागा, तेव्हा मूळ अर्थ विस्मृतीत गेल्यावर पुढे ‘पाण’ जोडले गेले असावे.

या प्रपेचा ठळक पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने शूर्पारक, म्हणजे सोपारा, आदी ठिकाणी उतरण्यासाठी घरे बांधली, दाहनुका, दमण, तापी अशा नद्यांवर ‘नावापुण्यतर’, म्हणजे भाडे न घेता पैलतीरी नेणाऱ्या नावा, ठेवल्या आणि दोन्ही काठांवर सभा व प्रपा उभारल्या, असे तेथील लेख सांगतो. नावेची वाट पाहणाऱ्याला तहान लागते हे ज्याला सुचले, तो स्वतः कधीतरी काठावर खोळंबला असला पाहिजे.

त्या यादीत सोपारा आहे, पण त्याच व्यापारी वाटांवरचे कल्याण नाही. कल्याणचा दाता भेटतो तो कान्हेरीच्या लेण्यांत, जिथे सामिदत्त नावाच्या सोनाराने ‘पाणियपोढी’, म्हणजे कातळात खोदलेले टाके, दिल्याची नोंद आहे. ‘पोढी’ आणि ‘पोई’ कानाला सख्ख्या वाटल्या तरी त्यांचे कूळ एक मानता येत नाही. सामिदत्ताचे टाके भिक्षूंच्या विहारात होते. कल्याणहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात मात्र सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी थेट व्यापारी वाटेवरच येते, आणि लोकसमजुतीनुसार जकात गोळा होई तो दगडी रांजणही त्याच घाटात आहे.

पाणपोईवर कोणीही पाणी प्यावे असे म्हणतात, पण हा ‘कोणीही’ म्हणजे खरोखर कोणीही नव्हे. विटाळाच्या भयाने हाती भांडे न देता उंचावरून ओंजळीत धार धरली जाई, आणि कित्येकांना तीही मिळत नसे; सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली संमत झाला, तरी त्यांना पाण्यासाठी महाडचे चवदार तळे गाठायला 1927 उजाडावे लागले.

अनोळख्याला मदत करण्याची ही वृत्ती आज मोजलीही जाते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन व सहकाऱ्यांनी 23 देशांतील एकेका शहरात वाटेत पेन पाडून किंवा आंधळ्याचे सोंग घेऊन अनोळखी लोकांचे साहाय्य मोजले, आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोलकाता चौथे आले. तिथे मदत करणाऱ्यासमोर गरजू उभा असतो. पाणपोईचा दाता मात्र पिणाऱ्याला कधीच पाहत नाही, त्याचे फक्त नाव तिथे असते. कल्याण-डोंबिवलीत वैशाखात दिसणाऱ्या पाणपोयांवरही कोणा दिवंगताच्या स्मरणार्थ लिहिलेली पाटी असते, आणि तिच्याखाली, पाणी सर्वांना मोकळे असले तरी, स्टीलचा पेला पुष्कळदा साखळीने बांधलेला असतो.