पूल दुखावलाय की गारठलाय?

माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. पुलालाही असेच वाजवून पाहता येईल का?

कल्पना सोपी आहे. टेबलाच्या कडेवर दाबून धरलेल्या पट्टीचे मोकळे टोक वाकवून सोडले, की ती ठरावीक वारंवारतेने कंप पावते. वस्तुमान तेच असेल, तर वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पुलालाही अशा स्वतःच्या वारंवारता असतात. तडा गेला की ताठरपणा घटतो, म्हणजे वारंवारताही उतरायला हवी.

१९९३ मध्ये हे पडताळण्याची संधी आली. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातला, रिओ ग्रांडे नदीवरचा आय-४० महामार्गाचा जुना पूल पाडायचा होता. लॉस अलामोस प्रयोगशाळेचे चार्ल्स फरार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सुमारे ३ मीटर उंचीची एक पोलादी तुळई चार टप्प्यांत कापली आणि दर टप्प्याला कंपने मोजली. धडधाकट पुलाची सर्वांत कमी वारंवारता २.४८ हर्ट्झ होती. दुसऱ्या टप्प्यात तुळईच्या उभ्या पत्र्यात ६ फुटांची चीर पडली, तरी वारंवारता भरली २.५२! तुळईची खालची आडवी पट्टी पूर्ण तुटल्यावर मात्र ती २.३० वर आली. म्हणजे घट फक्त ७ टक्के.

कापल्यावर वारंवारता वाढेल कशी? संशय तापमानासारख्या बाहेरच्या कारणांवर गेला. १९९६ मध्ये त्याच राज्यातल्या अलामोसा कॅन्यन पुलावर चोवीस तास मोजमाप झाले. पुलाला कोणी हातही लावला नव्हता. तरी दिवसभरात वारंवारता सुमारे ५ टक्क्यांनी बदलली. उन्हामुळे होणारा बदल आणि तुळई तुटल्यामुळे होणारा बदल जवळजवळ सारखेच असतील, तर निदान करायचे कसे?

उत्तराची वाट स्वित्झर्लंडमध्ये सापडली. १९६३ मध्ये बांधलेला झेड-२४ हा काँक्रीटचा पूल नव्या रेल्वेमार्गासाठी पाडायचा होता. नोव्हेंबर १९९७ पासून सुमारे दहा महिने त्याची कंपने आणि तापमान नोंदले गेले. पारा शून्याखाली गेला की वारंवारता झपाट्याने वाढे, कारण रस्त्यावरचा डांबराचा थर गोठून ताठर होई. शेवटी मुद्दाम एक खांब खचवला, आतल्या ताणलेल्या तारा कापल्या.

बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाच्या बार्ट पीटर्स आणि गिडो द रूक यांनी निरोगी काळातील नोंदींवरून तापमान आणि वारंवारता यांचे नाते आधी बसवले. आजच्या तापमानाला वारंवारता किती अपेक्षित आहे, हे त्यावरून काढता येई. मोजलेला आकडा अपेक्षित पट्ट्याबाहेर गेला, तरच हानीची शंका घ्यायची. अशा रीतीने मुद्दाम केलेली हानी नोंदींतून वेगळी ओळखता आली.

म्हणून पुलाची मोजणी तडा दिसल्यावर सुरू करून भागत नाही. तो धडधाकट असतानाच त्याचे सगळे ऋतू नोंदवून ठेवावे लागतात.