इटालियन मोटारगाड्या व शर्यतीची एंजिने

इटलीतील मोटारगाड्यांच्या एंजिनांवर मोटारशर्यतींमधील तंत्राचा झालेला परिणाम. आल्फा रोमिओ, फेरारी, मासेराती, लांचा व फियाट या कंपन्यांच्या इतिहासात तो ठळक दिसतो. शर्यतीचे एंजिन जसेच्या तसे रस्त्यावर आल्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत. बहुतेक वेळा शर्यतीचा एखादा नियम, तिथे घडलेला अभिकल्पक किंवा एखादे सुटे तंत्र रस्त्यापर्यंत पोहोचले. शर्यतीचे एंजिन काही तास जास्तीत जास्त शक्ती देण्यासाठी बांधतात. रस्त्यावरच्या एंजिनाला थंडीच्या सकाळी चटकन सुरू व्हावे लागते, सिग्नलला शांतपणे फिरत राहावे लागते, धुराच्या मर्यादा पाळाव्या लागतात आणि वर्षानुवर्षे टिकावे लागते.

आरंभ : आल्फा रोमिओच्या ‘पी-२’ या गाडीने १९२५ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, कंपनीच्या बोधचिन्हाभोवती पुढे आलेले पर्णमाल्य त्याच विजयाचे. तिचा अभिकल्पक विट्टोरिओ यानो याने त्या एंजिनातील अनुभव ‘६सी १५००’ या सहा सिलिंडरांच्या रस्त्यावरील गाडीत उतरवला.

नियमामुळे आलेले एंजिन : फेरारीने १९५७ मध्ये ‘डिनो’ हे व्ही-६ एंजिन शर्यतीत उतरवले. एन्झो फेरारी यांच्या दिवंगत मुलाचे नाव मिळालेल्या या एंजिनाच्या घडणीतही यानोचा हात होता. सिलिंडरांच्या दोन रांगांमधील कोन नेहमीच्या ६० ऐवजी ६५ अंश ठेवल्याने मधल्या खाचेत हवेच्या सरळ नळ्या बसवायला जागा मिळाली. १९६७ पासूनच्या फॉर्म्युला टूच्या नियमांनुसार एंजिनाचा ठोकळा किमान ५०० नग तयार झालेल्या गाडीतला असणे आवश्यक ठरले. फेरारीला एवढे उत्पादन झेपणारे नव्हते, म्हणून १९६५ मध्ये फियाटशी करार झाला. १९६६ साली ‘फियाट डिनो’ याच एंजिनाच्या १,९८७ सीसी आवृत्तीसह बाजारात आली. पाठोपाठ फेरारीची ‘डिनो २०६ जीटी’ निघाली. १९६९ मध्ये धारिता २,४१८ सीसी झाली आणि ठोकळा ॲल्युमिनियमऐवजी बिडाचा झाला. हेच एंजिन लावून लांचा ‘स्ट्रॅटोस’ने १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवले. शर्यतीतून रस्त्यावर आलेले एंजिन अशा रीतीने पुन्हा स्पर्धेत परतले.

अभिकल्पकामार्फत आलेले तंत्र : आल्बेर्तो आस्कारीने १९५२ व १९५३ ची अजिंक्यपदे ज्या चार सिलिंडरी फेरारीने जिंकली, तिचे एंजिन आउरेलिओ लाम्प्रेदी याचे होते. १९५५ मध्ये तो फियाटमध्ये गेला. तिथे त्याने घडवलेले दुहेरी कॅमशाफ्टचे एंजिन १९६६ मध्ये ‘१२४ स्पोर्ट’मध्ये बसले. झडपांच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट ही रचना तोवर मुख्यतः शर्यतीच्या व महागड्या गाड्यांची मिरास होती. लाम्प्रेदीने ते फिरवण्यासाठी साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा वापरला. झडपेची फट जुळवण्याची चकती त्याने अशा जागी ठेवली, की कॅमशाफ्ट न काढता ती बदलता यावी. त्यामुळे गॅरेजातल्या मिस्त्रीचे काम सोपे झाले. याच कुळातील एंजिनांवर लांचा ‘डेल्टा’ने १९८७ ते १९९२ या काळात सलग सहा वेळा उत्पादकांचे रॅली अजिंक्यपद जिंकले.

थेट आलेले एंजिन : फेरारी ‘एफ ५०’ (१९९५–९७) हा याचा ठळक नमुना. १९९० च्या फॉर्म्युला वन गाडीतील ३.५ लिटरचे व्ही-१२ एंजिन ४.७ लिटरपर्यंत वाढवून तिच्यात बसवले. शर्यतीच्या गाडीप्रमाणेच एंजिन कार्बन तंतूंच्या सांगाड्याला थेट जोडलेले आहे. मागच्या चाकांचा भार पेलणारा सांगाड्याचा भाग तेच असल्याने आवाज व थरथर आत बसणाऱ्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते. अशा ३४९ गाड्याच बनवल्या गेल्या.

सुटे तंत्र : २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोग्रॅमपर्यंत मर्यादित केला गेला. त्यामुळे तेवढ्याच इंधनातून अधिक काम काढणाऱ्या पूर्वकक्ष-ज्वलनाला तिथे महत्त्व आले. २०२० मध्ये मासेरातीने हे तंत्र ‘नेत्तूनो’ या ३ लिटरच्या व्ही-६ एंजिनात आणले. मुख्य ज्वलनकक्षाच्या वर स्पार्क प्लगभोवती एक छोटी, भोके पाडलेली कुपी असते. दट्ट्या वर येताना हवा-इंधनाचे थोडे मिश्रण तिच्यात शिरते. ते पेटले, की भोकांतून ज्वालेच्या अनेक धारा खाली सुटतात आणि मुख्य मिश्रण एकाच वेळी अनेक ठिकाणी पेट घेते. ज्वलन वेगाने व पुरते होते. ‘एमसी २०’ या गाडीत या एंजिनाची शक्ती ६३० अश्वशक्ती आहे. एंजिनावर भार कमी असताना मात्र पूर्वकक्षाचा फायदा उरत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या बाजूला एक साधा स्पार्क प्लगही ठेवला आहे. शर्यतीच्या तंत्राला रस्त्यासाठी मुरड कशी घालावी लागते, ते या दुसऱ्या प्लगवरून कळते.

उलटा प्रवास : रस्त्यावरून शर्यतीकडेही वाट आहे. दान्ते जाकोसाने १९३७ मध्ये आखलेल्या ‘फियाट ११००’च्या १,०८९ सीसी एंजिनावर १९४६ ची ‘चिसितालिया डी ४६’ ही छोटी शर्यतगाडी बेतली होती. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या ‘प्रीमियर पद्मिनी’चे मूळ पेट्रोल एंजिन याच घराण्यातले आणि तेवढ्याच धारितेचे होते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.