डिझेल ट्रॅक्टर आणि विजेची ठिणगी

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. कोंडलेली हवा इतकी दडपावयाची कीं तिच्या उष्णतेनें आंत फवारलेलें तेल आपोआप पेटावें, ही रूडॉल्फ डीझेलची युक्ति १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी ठरली. असें असतां जुना डिझेल ट्रॅक्टर विजेच्या बिघाडानें शेतांत अडून बसतो, याचें नवल वाटतें. तो अडतो तो सुरू होतांना.

कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें बेंजामिन होल्टनें १९०४ सालीं चाकांऐवजीं पट्टे बसविले, तें यंत्र वाफेचें होतें. होल्ट व बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ सालीं एक होऊन कॅटरपिलर कंपनी निघाली आणि १९३१ सालीं तिनें पट्ट्यांचा डिझेल ट्रॅक्टर बाजारांत आणला. एवढ्या इंजिनांतील हवा दाबणें मनुष्याच्या बळाबाहेरचें. म्हणून शेजारीं पेट्रोलचें दोन सिलिंडरांचें छोटें इंजिन बसविलें. थोरल्याला उठविण्यासाठीं आधीं धाकट्याला उठवावयाचें! पण धाकट्याला मॅग्नेटोची ठिणगी हवी. मॅग्नेटोंत ओल शिरली किंवा त्याचे संपर्कबिंदू काजळले, कीं सारें धूड जागच्या जागीं थंड.

युद्धानंतर अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेले ट्रॅक्टर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनें कांस गवतानें ग्रासलेल्या जमिनी फोडण्यास लावले. पुढें १९४९ सालीं जागतिक बँकेनें भारतास शेतीयंत्रांसाठीं १ कोटी डॉलरांचें कर्ज दिलें. कांसाचीं खोल मुळें उन्हाळ्यांत उपटलीं तरच वाळतात. त्या मोजक्या महिन्यांत यंत्र एका तारेपायीं उभें राहिलें, तर तेवढी जमीन पुढल्या वर्षावर जाई.

दरम्यान चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला होता. कालांतरानें तो ट्रॅक्टरावरहि चढला. मॅग्नेटोची चिंता सरली, बॅटरीची लागली. येथें बिघाड शोधण्याची रीत अगदीं साधी आहे. दिवा लावून स्टार्टर दाबावा. दिवा मंदावला, तर बॅटरी उतरलेली किंवा जोड खराब. दिवा तेजस्वी राहून स्टार्टर मुका राहिला, तर स्टार्टरची वाट कोठें तरी तुटलेली. पुष्कळ जण लगेच नवी बॅटरी विकत घेतात आणि फसतात. विजेला जाण्यास तार असते, पण परतण्यास ट्रॅक्टराचा लोखंडी सांगाडाच असतो. त्या जोडाखालीं गंज किंवा रंगाचा थर बसला कीं वाट अडते. तो खरवडून लोखंड उघडें करावें, बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावा. तेवढ्यानेंच कित्येक यंत्रें चालूं लागतात.

डायनमोची गोष्ट निराळी. वर्षानुवर्षें पडून राहिल्यास त्याच्या लोखंडांत उरलेलें किंचित् चुंबकत्व कधीं कधीं नाहींसें होतें आणि धडधाकट असूनहि तो वीज देत नाहीं. जाणता कारागीर त्यास उघडीत बसत नाहीं. बॅटरीचा प्रवाह योग्य दिशेनें क्षणभर त्याच्या वेटोळ्यांतून सोडतो, इंजिन सुरू करतो, आणि मापकाचा कांटा पुन्हां भरतीकडे झुकतो.