विठाबाईंच्या घरची लावणी

आमच्या गडमुडशिंगीत तमाशाचा विषय निघाला की मी विठाबाई नारायणगावकरांचंच नाव आधी घेतो. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. भाऊ नावाचे वडील आणि बापू नावाचे चुलते यांनी तो गाजवला. ढोलकी, लावणी, गवळण घरातच कानावर पडलेली. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कनातीआड बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. लोक याला जिद्द म्हणतात. मला त्यात पोटाची सक्तीही दिसते. राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, तरी अखेर हलाखीतच. २००२ मध्ये त्या गेल्या. लेक मंगला बनसोडे यांनी फड पुढे चालवला. आता सरकार विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. कलावंताला असा आधार हातपाय चालतात तेव्हाच मिळायला हवा.