चामखीळ ते गर्भाशयमुखाचा कर्करोग : पॅपिलोमा विषाणूच्या शोधाचा इतिहास

स्त्रियांच्या गुप्तरोगांच्या इतिहासात रोगाइतकीच रुग्णेच्या चारित्र्याचीही तपासणी झालेली दिसते. जननेंद्रियावरील चामखिळी व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. प्रस्तुत लेखात या विकारांमागील मानवी पॅपिलोमा विषाणूच्या शोधाचा त्या दृष्टीने आढावा घेतला आहे.

इ. स. १८४२ मध्ये इटलीतील रिगोनी-स्टर्न याने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्युनोंदी अभ्यासल्या. ख्रिस्ती जोगिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग विवाहितांपेक्षा पुष्कळच कमी असल्याचे त्यास आढळले. निरीक्षण मोलाचे होते. परंतु पुढे दीर्घकाळ त्याचा अर्थ स्त्रीच्या वर्तनापुरताच लावला गेला. विवाहितेस हा रोग पतीकडून येत असेल काय, हा प्रश्न मागेच राहिला.

चामखिळींचा विचार निराळ्या वाटेने झाला. परमा व उपदंश यांचाच तो परिणाम, अशी समजूत होती. चामखीळ विषाणुजन्य असल्याचे इटलीतीलच च्युफो याने १९०७ मध्ये दाखवून दिले, तरी गुप्तांगावरील चामखिळी संसर्गजन्य असल्याचा ठळक पुरावा १९५४ मध्ये पुढे आला. कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पत्नींना चार ते सहा आठवड्यांत चामखिळी उद्भवल्याचे बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. या स्त्रिया घरीच होत्या; प्रवास पतींनी केला होता. चारित्र्याचा तराजू येथे निरुपयोगी ठरतो.

१९७० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संशय नागीण वर्गातील विषाणूवर होता. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी मात्र चामखिळीच्या विषाणूचा माग सोडला नाही. त्यांच्या गटास चामखिळींत प्रकार ६ व ११ सापडले. पण कर्करोगाच्या गाठींत ते बहुधा आढळेनात. ही निराशाच उपयोगी पडली. विषाणू एक नसून अनेक आहेत, या धारणेने शोध चालू राहिला आणि १९८३ मध्ये प्रकार १६ व १९८४ मध्ये प्रकार १८ हाती लागला. चामखीळ झालेल्या स्त्रीस 'आता कर्करोग होणार' ही जी धास्ती वाटते, तिचे उत्तर या भेदात आहे : चामखिळी प्रामुख्याने ६ व ११ मुळे होतात आणि हे प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने कमी जोखमीचे मानले जातात. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिच्या संमतीविना घेतलेल्या व जगभर वापरल्या गेलेल्या पेशींतही प्रकार १८ आढळला. त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रातील आहे. तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या काहीशा लहान गटात ६४. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयी पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. जिल्ह्यात अशी सोयच नव्हती, हे त्यावरील समर्थन अपुरे वाटते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या जनुकीय तपासणीस प्राथमिक चाचणी म्हणून पसंती दिली.