चाती आणि मजुरी

गागोद्याला येणारे पाहुणे विनोबांचं जन्मघर बघतात, हात जोडतात आणि भूदानाचं विचारतात. चातीबद्दल, चरख्यातल्या सूत पिळणाऱ्या सळईबद्दल, कुणी विचारत नाही. आयुष्यभर शाळेत हस्तव्यवसाय शिकवलेल्या माझ्यासारख्याला ते खटकतं.

विनोबा इथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मले. आजोबा शंभुराव देवधर्माचे. वडील नरहरपंत मात्र विणकामाचं शास्त्र शिकलेले, बडोद्याला नोकरीला, घरी कापड रंगवण्याचे प्रयोग करणारे. भक्तीचा वारसा सगळे सांगतात, या प्रयोगांचा कुणी सांगत नाही.

१९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटी अशा: किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत सोळा हजार फूट सूत, यंत्र वीस वर्षं टिकणारं आणि खेड्यातल्या बाईला दमवणार नाही असं. सुताची गुंडी ६४० तारांची, तार चार फुटांची. म्हणजे दिवसाला सव्वासहा गुंड्या! किर्लोस्करवाडीचं यंत्रही स्पर्धेत उतरलं. सगळ्या अटींत कुणीच बसलं नाही, बक्षीस तसंच राहिलं.

विनोबांनी हा कताईचा प्रश्न दुसऱ्या, मजुरीच्या टोकानं धरला. वर्ध्याजवळ नालवाडीत १९३२ पासून ते कताईच्या मजुरीवर जगून बघू लागले. रोज आठ-नऊ तास कताई. कधी बसून, कधी उभं राहून, कधी उजव्या हातानं, कधी डाव्या. हात बदलण्याचं मोल कातल्याशिवाय कळत नाही. टकळीला, म्हणजे हातचातीला, चिमटीनं गिरकी द्यायची, कापसाचा पेळू धरलेला हात वर न्यायचा. पीळ कमी पडला की तार सुटते, जास्त झाला की गाठी धरते. माझ्या वर्गातली पोरं तासाभरात खांदा चोळायला लागत. तेव्हा आठ तासांचा हिशेब कागदावर मांडणं सोपं, आणि अवजाराची खरी परीक्षा कातणाऱ्याच्या ताटातच, असं माझं मत.

१९३५ मध्ये आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असा आग्रह गांधीजींनी धरला. संघाला तेवढं झेपलं नाही. तरी दर वाढले, त्याबरोबर खादी महागली आणि गिऱ्हाईक कुरकुरू लागलं. चार चात्यांचा अंबर चरखा पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी घडवला आणि सरकारनं १९५६ च्या सुमारास तो उचलून धरला. सूत वाढलं. मजुरीचा वाद मात्र आठ आण्यांवरून नुसता रुपयांवर गेला.