खानखोज्यांचं स्टँपिंग

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सांगून टाकलं: व्हिसाची मुलाखत स्वतःच्या नाहीतर राहत्या देशातच द्या. मेक्सिकोत जाऊन स्टँपिंग करून यायची आम्हा आयटीवाल्यांची जुनी सोय संपली. मी जाम वैतागलो. मग पांडुरंग खानखोजे आठवले.

वर्ध्याचा माणूस, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पण इंग्रज असेपर्यंत मायदेशी परतायची सोय नव्हती. १९२४ मध्ये मेक्सिको गाठलं, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जाती सुधारल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते आमच्या नागपुरात आले, १९६७ मध्ये इथेच गेले.

मला 'आपल्या देशात जा' म्हणतात, तर मी कुरकुरतो. त्यांना नेमकं तेच करता येत नव्हतं.